बेटावरच्या पुलाचा पर्यावरण अहवाल: काय तपासायचं?

तुम्ही दांडिया बाजारात राहता, आजोळ कोकणात. तिथल्या बेटावर पूल व्हायचाय आणि त्याच्या पर्यावरण अहवालात काय बघावं, असं विचारलंय. मीही बडोद्याचाच.

आधी १:४००० प्रमाणाचा सीआरझेड (किनारपट्टी नियमन क्षेत्र) नकाशा मागा. पुलाची रेघ कांदळवनातून जाते का ते पाहा. सीआरझेडच्या २०१९च्या अधिसूचनेनुसार रस्त्यासाठी कांदळवन तुटलं, तर किमान तिप्पट क्षेत्रावर लागवड करावी लागते. पण कुठे, हे विचाराच. दुसऱ्याच खाडीत लावलेली रोपं तुमच्या खाडीतल्या जिताडा माशाच्या पिल्लांच्या काय कामाची?

माझ्या मते खरा प्रश्न भरावाचा. पूल पूर्ण खांबांवर आहे, की दोन्ही टोकांना भराव घालून मधेच खांब? भरावानं भरती-ओहोटीचा प्रवाह आवळला जातो, गाळ साचतो, होड्यांची वाट बुजते. इथे विश्वामित्रीच्या काठी राहून, पाण्याची जागा अडवली की काय होतं ते आपण पाहिलंच आहे.

पाहणी कोणत्या महिन्यांत केली तेही बघा. फक्त उन्हाळ्यातली असेल तर हिवाळी पाहुणे पक्षी त्यात दिसणारच नाहीत. हरकत लेखी द्या, पोच घ्या, आणि मामांना सांगा, कोळीवाड्यातल्या जाणत्यांनाही सोबत घ्या.