डॉल्फिन शोची तिकिटं आणि घरातला अबोला

पत्र

ताई, माझे सासू-सासरे पुढच्या महिन्यात इकडे येताहेत. त्यांना काय काय दाखवायचं याची यादी करताना मी हौसेनं डॉल्फिन शोची तिकिटं काढून ठेवली. 11 वर्षांच्या लेकीला कळलं तशी ती म्हणाली, "मी येणार नाही. ते जेल आहे." व्हिडिओ कॉलवर हा विषय निघाला तेव्हा सासरे सहज बोलून गेले, "अगं, मासाच तो. बसल्या जागी खायला मिळतंय, आणखी काय पाहिजे?" त्यावर ती तावातावानं इंग्रजीत बरंच काही बोलली आणि उठून गेली. तेव्हापासून आजोबांचा फोन आला की ही बाथरूममध्ये. आता वर्गाची सहल मत्स्यालयात जाणार आहे, तिथंही जायचं नाही म्हणते. नवरा म्हणतो, पोरांचं किती ऐकायचं. तिला समजवायचं कसं?

उत्तर

समजवायचं कुणाला, ते आधी ठरवू या. शोबद्दल तुमच्या लेकीचं बरोबर आहे. सहलीबद्दल बहुधा चुकतंय. आणि आजोबांना तिचं म्हणणं पोचलेलंच नाही. त्यांना ऐकू आला तो फक्त नातीचा चढलेला आवाज, तोही परक्या भाषेत.

मी काही सोवळी नाही. मुलगा लहान असताना मीही असा शो पाहिलाय, पुढच्या रांगेत बसून, अंगावर पाणी घेत. फोटोत डॉल्फिन हसतोय आणि मी मुलाला सांगतेय, "बघ, कसा खूश आहे!" डॉल्फिनच्या जबड्याची ठेवणच तशी असते, हे मला फार उशिरा कळलं. तो आजारी असो, घाबरलेला असो, चेहरा तोच. त्या हसण्यावर जगभरात किती तिकिटं खपली असतील कोण जाणे.

"मासाच तो" म्हणणाऱ्या आजोबांवर चिडू नका. आपली भाषाच देवमाशाला मासा म्हणते (आणि वर देवही म्हणते, हे विसरू नये). पण डॉल्फिन हवेत श्वास घेतो, पिलाला दूध पाजतो. ओर्का, म्हणजे काळा-पांढरा 'किलर व्हेल', हाही डॉल्फिनच्याच कुळातला. उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या ओर्कांच्या ज्या कळपांना 'रेसिडेंट' म्हणतात, त्यांच्यातले नर तर जन्मभर आईच्या कळपातच राहतात. 2018 मध्ये त्याच किनाऱ्यावर एक ओर्का मादी आपलं मेलेलं पिलू 17 दिवस डोक्यावर, तोंडात धरून पोहत राहिली होती. आजोबांना एवढंच सांगा. पुढचं ते स्वतःच विचारतील.

आता लेकीसाठी एक गोष्ट, कारण तिच्या पिढीला वाटतं की प्राण्यांवरचं प्रेम त्यांनीच शोधून काढलं. 1964 पर्यंत ओर्का म्हणजे लोकांच्या लेखी राक्षस होता, दिसला की गोळी घालावी असा. त्या वर्षी व्हँकुव्हरच्या मत्स्यालयाला एका ओर्काचं शिल्प करून हवं होतं. नमुना म्हणून एक मारून आणायला माणसं पाठवली गेली. भाला लागला, पण ओर्का मेला नाही. मग त्याला दोरीनं ओढत बंदरात आणून कुंपणात ठेवलं. ही मादी आहे असं समजून नावही तसं ठेवलं, मोबी डॉल. मेल्यावर कळलं की नर होता. जेमतेम तीन महिने जगला. पण तेवढ्यात बघायला गर्दी लोटली, आणि लोकांना राक्षसाच्या जागी एक शांत, जखमी, साद घालणारा प्राणी दिसला. ओर्काबद्दलची माया तिथून वाढत गेली. म्हणजे आज तुमची लेक ज्याला जेल म्हणते, तिची करुणा काही अंशी त्याच जेलच्या गजांशी उभं राहून जन्माला आली आहे. मला हे फार अवघड वाटतं, आणि ते अवघडच ठेवून तिला सांगावं असंही वाटतं.

कारण मायेपाठोपाठ धंदा आला. प्रत्येक मोठ्या मत्स्यालयाला ओर्का हवा झाला. ऑगस्ट 1970 मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या पेन कोव्ह इथं जाळी टाकून ओर्कांचे अख्खे कळप कोंडले आणि त्यातली सात पिलं विकली गेली. त्यातली एक टोकिटे. ती मायामीच्या टाकीत 2023 पर्यंत राहिली. तिला तिच्या समुद्रात परत न्यायचं त्याच वर्षी मार्चमध्ये जाहीर झालं, आणि ऑगस्टमध्ये ती गेली. टिलिकम नावाच्या ओर्काला 1983 मध्ये आइसलँडजवळ पकडलं तेव्हा तो दोनेक वर्षांचा होता. 2010 मध्ये ऑर्लँडोच्या सीवर्ल्ड या करमणूक पार्कात त्यानं आपल्या प्रशिक्षिकेचा जीव घेतला. त्यावर 2013 मध्ये माहितीपट आला आणि लोकांचं मन झपाट्यानं फिरलं. मार्च 2016 मध्ये सीवर्ल्डनं ओर्कांचं प्रजनन थांबवत असल्याचं जाहीर केलं. जून 2019 मध्ये कॅनडानं देवमासे आणि डॉल्फिन बंदिस्त ठेवण्यावर कायद्यानं बंदी घातली. आधीपासून असलेले आणि जखमी अवस्थेत वाचवलेले तेवढे वगळले. ब्रिटनमध्ये तर 1993 नंतर बंदिस्त डॉल्फिन उरलेलाच नाही.

तुमच्या मिस्टरांना हे "इकडच्या पोरांचं फॅड" वाटत असेल, तर त्यांना सांगा की भारत सरकारनं मे 2013 मध्येच डॉल्फिनचे खेळ करणाऱ्या केंद्रांना परवानगी देऊ नये असं राज्यांना कळवलंय. आजोबांपुढेही हा मुद्दा जास्त चालेल.

इथं लेक म्हणेल, "मग सोडून द्या ना सगळ्यांना!" तिला केको नावाच्या ओर्काची हकिगत सांगा, पण अर्धी नको. केकोला 1979 मध्ये आइसलँडजवळ लहानपणीच पकडलं होतं. पुढे तो मेक्सिकोतल्या एका करमणूक पार्कात होता, सिनेमातही झळकला, आणि त्याला सोडवण्यासाठी जगभरातल्या मुलांनी पैसे जमवले. 1996 मध्ये विमानानं ओरेगॉनला, 1998 मध्ये आइसलँडला. शिकार करायला शिकवलं, जंगली ओर्कांच्या जवळ नेलं. 2002 मध्ये तो खरोखर समुद्र ओलांडून नॉर्वेला पोचला, आणि तिथल्या खाडीत शिरून माणसांच्या होड्यांजवळ घुटमळायला लागला. पोरं त्याच्या पाठीवर बसायची. डिसेंबर 2003 मध्ये न्यूमोनियानं मेला. फसलं का सगळं? मी तसं म्हणणार नाही. शेवटची पाच वर्षं त्याला समुद्र मिळाला. पण ज्याचं बालपण टाकीत गेलं त्याला कळप परत मिळत नाही. म्हणून आता मधला मार्ग शोधला जातोय: समुद्राचाच एखादा भाग बंद करून तिथं या प्राण्यांना आयुष्यभर सांभाळायचं. 2019 मध्ये शांघायहून दोन बेलुगा (पांढरे देवमासे) आइसलँडला नेले ते यासाठीच, आणि योगायोग म्हणजे जागा केकोचीच खाडी. तेही काम सोपं नाही. त्या दोघींची बाहेर पडण्याची तालीम वर्षानुवर्षं चालली आहे.

आता सहलीचं. सगळी मत्स्यालयं एका मापानं मोजू नका. कॅलिफोर्नियातल्या माँटेरी बे मत्स्यालयात डॉल्फिनचा शो नाही. तिथं आईपासून तुटलेली सी ऑटरची, म्हणजे समुद्री पाणमांजरांची पिलं येतात. त्यांना भरवणारी माणसं अंगावर काळा पोंचो आणि तोंडावर वेल्डरचा मुखवटा घालतात. पिलाला माणसाचा चेहरा दिसू नये, खाणं आणि ऊब माणसाकडून मिळते हे त्याच्या डोक्यात बसू नये, एवढ्यासाठी. मग पिलू सोपवायचं एका प्रौढ मादीकडे, जी स्वतः परत समुद्रात जाऊ शकत नाही. शिंपला दगडावर कसा फोडायचा, ते ती शिकवते. 2001 पासून हे चाललंय. जवळच्या एल्कहॉर्न स्लू नावाच्या खाडीत पाणमांजरांची जी वाढ झाली, तिच्यात निम्म्याहून जास्त वाटा अशा पिलांचा आणि त्यांच्या वंशाचा निघाला. तुमच्या लेकीला तो मुखवट्याचा फोटो दाखवा. टाळ्या मिळवायला शिकवणं एकीकडे, आणि आपला चेहराही दिसू नये म्हणून धडपडणं दुसरीकडे. फरक मुलांना लगेच कळतो.

प्राणिसंग्रहालयांचंही तसंच. कॅलिफोर्नियाचं काँडोर गिधाड 1987 मध्ये जगात 27 उरलं होतं, सगळी पिंजऱ्यात. तिथून ती संख्या आज 500 च्या वर गेली आहे आणि त्यातली निम्म्याहून जास्त मोकळ्या आभाळात आहेत. पण पिंजरा हा सगळ्यांवर उपाय नाही. मेक्सिकोजवळच्या कॅलिफोर्नियाच्या आखातातली व्हाकिटा, डॉल्फिनची सगळ्यात छोटी चुलत बहीण, मच्छीमारांच्या जाळ्यांमुळे संपत चालली होती, म्हणून 2017 मध्ये काही पकडून सांभाळायचं ठरलं. पहिलीला ताण सोसवेना म्हणून सोडून दिली, दुसरी काही तासांत मेली, आणि तो प्रयत्न तिथंच थांबवला. जाळी मात्र समुद्रात तशीच आहेत. समुद्री सस्तन प्राण्यांचे खरे शत्रू हेच: जाळी, जहाजांच्या धडका, इंजिनांचा आवाज, आटलेले मासे. शोची तिकिटं न काढून यातलं काहीच कमी होत नाही, हे लेकीला कधीतरी कळायला हवं. आज नाही कळलं तरी चालेल.

जागा निवडताना तिथं मान्यता कुणाची आहे ते बघा. ती प्राणिसंग्रहालयं आणि मत्स्यालयांच्या संघटना देतात: अमेरिकेत एझेडए, युरोपात ईएझेडए, ब्रिटनमध्ये बियाझा. सरकारी परवाना वेगळा आणि ही मान्यता वेगळी. अमेरिकेत प्राणी दाखवण्याचा परवाना असलेल्या ठिकाणांपैकी दहा टक्क्यांनाही ती मान्यता नाही. तरी एवढ्यावर डोळे मिटून जाऊ नका, कारण मान्यता असलेल्या काही ठिकाणीही डॉल्फिन आहेत. प्राण्यासोबत पोहायला किंवा पिल्लू मांडीवर घेऊन फोटो काढायला मिळतो अशी जाहिरात असेल, तर मी तिथं पाऊल ठेवणार नाही. आणि गोष्टी सरळ नसतात हेही बघा: ज्या सीवर्ल्डवर एवढी टीका झाली, त्यांचीच पथकं फ्लोरिडात बोटींच्या पंख्यांनी जखमी झालेल्या मॅनटींना, म्हणजे समुद्रगाईंना, उचलून आणतात आणि बरं करून सोडतात.

लेकीला सहलीला पाठवा, पण प्रश्न घेऊन. हा प्राणी कुठून आला? परत जाऊ शकतो का? नसेल तर का? तिथल्या माणसाला तिनं स्वतः विचारावेत. चांगल्या ठिकाणची माणसं अशा प्रश्नांनी खूश होतात. उडवाउडवी झाली तर तेही उत्तरच आहे.

राहिला अबोला. तिला तिचं म्हणणं मराठीतून मांडायला मदत करा. ती "जेल" म्हणाली कारण मराठीत तिला दुसरा शब्द सापडला नाही. बंदिस्त, कळप, ताटातूट, सुटका हे चार शब्द द्या, टोकिटेची गोष्ट द्या, आणि आजोबांना फोन लावून तुम्ही स्वयंपाकघरात जा. मध्ये पडून भाषांतर करू नका. अडखळेल, चालेल.

आणि शोची तिकिटं परत करा. होत नसतील तर ते पैसे गेले समजा. त्या दिवशी सगळ्यांना किनाऱ्यावर न्या. सिडनीकडे असाल तर मे ते नोव्हेंबरदरम्यान कड्यावरून हंपबॅक देवमासे दिसतात. स्कॉटलंडमध्ये चॅनोनरी पॉइंटला भरती चढू लागली की डॉल्फिन अगदी काठाशी येतात. सिअ‍ॅटलच्या बाजूला असाल तर सान वॉन बेटावरचं लाइम किल्न पॉइंट. बोटीचा मोह आवरा. वॉशिंग्टनच्या पाण्यात 2025 पासून तिथल्या संकटातल्या ओर्कांपासून बोटींना 1,000 यार्ड लांब राहावं लागतं, त्यापेक्षा खडकावरून बरं दिसतं. गरम कपडे आणि आजोबांसाठी घडीची खुर्ची घ्या. कदाचित तीन तास बसून काहीच दिसणार नाही, हे आधीच सगळ्यांना सांगून ठेवा, विशेषतः तुमच्या मिस्टरांना. दुर्बीण एकच न्या, आणि ती आजोबा आणि नात यांच्या मध्ये ठेवा.