शाळा म्हणते, ‘मोबाइलवरचं आमच्याकडे येत नाही’

प्रश्न : माझा मुलगा आठवीत आहे. तो बोलताना अडखळतो. वर्गातल्या मुलांनी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्याच्या फोटोचे स्टिकर टाकले, त्याच्या बोलण्याचं रेकॉर्डिंगही टाकलं. मधल्या सुट्टीत डबा लपवतात, नक्कल करतात. वर्गशिक्षिकांना दोनदा भेटले. ‘मुलं मस्ती करतात, आणि मोबाइलवरचं शाळेबाहेरचं,’ असं त्या म्हणतात. आता तो शाळाच नको म्हणतो. काय करू?
— एक आई, विटा

उत्तर : ताई, तुम्ही दोनदा भेटलात, पण शाळेच्या दप्तरी त्याची एक ओळही नसणार. मी बरीच वर्षं मुख्याध्यापिका होते. तोंडी तक्रार बाईंच्या टेबलापाशीच विरते, हे मी जवळून पाहिलं आहे. तेव्हा मुख्याध्यापकांच्या नावे अर्ज लिहा, दोन प्रती काढा, आणि आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घ्या. ‘ठेवून जा, बघतो’ म्हणाले तरी पोच घेतल्याशिवाय उठू नका.

अर्जात महाराष्ट्राच्या १९९९ च्या रॅगिंगविरोधी कायद्याचा उल्लेख करा. तो कॉलेजच्या वसतिगृहांपुरताच आहे असं बहुतेकांना वाटतं, पण त्यातली शिक्षणसंस्थेची व्याख्या व्यापक आहे. चिडवणं, धमकावणं, लाज वाटेल असं वागवणं हे सगळं त्यात येतं. आणि मनाई आहे ती संस्थेच्या आत आणि बाहेरही. म्हणजे ‘शाळेबाहेरचं’ हे उत्तर टिकत नाही. लेखी तक्रार आली की मुख्याध्यापकांनी ७ दिवसांत चौकशी करायची असते. तथ्य आढळलं तर त्रास देणाऱ्या मुलाला निलंबित करून तक्रार पोलिसांकडे पाठवायची, इतका तो कडक आहे. आठवीच्या मुलांमागे पोलीस लागावेत असं मला मुळीच वाटत नाही. पण ते ७ दिवस शाळेला माहीत असले पाहिजेत.

आता पुराव्याचं. ग्रुपमधले मेसेज पाठवणारा नंतर पुसू शकतो, म्हणून स्क्रीनशॉट आजच काढून ठेवा. पाठवणाऱ्याचं नाव, तारीख, वेळ दिसू दे, कापाकापी नको. ते स्टिकर नातेवाइकांना पाठवू नका, मुलाची आणखी थट्टा होईल. सोबत एक वही करा : कोणत्या तारखेला, कुठे, कोणी, कोणाच्या समोर. डबा लपवण्याच्या आणि स्टिकरच्या नोंदी एकाच वहीत, तारखेच्या क्रमानं येऊ देत. शाळेनंही असंच करावं असा आग्रह धरा. एकेक प्रसंग सुटा पाहिला की ‘मस्ती’ वाटतो; ओळीनं वाचले की तीच मुलं, तीच वेळ, बाई नसलेली तीच जागा दिसते. मग मधल्या सुट्टीत त्या जागी कोणाला उभं करायचं, हे शाळेला आपोआप कळतं.

एक मात्र ठामपणे सांगा : सगळ्यांना समोरासमोर उभं करून ‘सॉरी म्हणा, हात मिळवा’ नको. त्यानंतर त्रास लपूनछपून होतो आणि मूल बोलायचं बंद होतं. शिक्षकांनी त्याच्याशी एकट्यानं बोलावं, पंधरा दिवसांनी पुन्हा विचारावं, आणि तेही लिहून ठेवावं.

शाळा हललीच नाही, तर गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे त्या पोचेची प्रत जोडून जा. १०९८ ही चाइल्ड हेल्पलाइन आहे. तिथे मुलगा स्वतःही बोलू शकतो.

आणि ताई, रागाच्या भरात त्याचा मोबाइल काढून घेऊ नका. सांगितलं की आपल्यालाच शिक्षा होते, असं त्याला वाटलं तर पुढच्या वेळी तो तुमच्याकडे येणार नाही.