सिक्युरिटी घेऊ की प्रोग्रामिंग?

प्रश्न : ताई, मी डोंबिवलीला राहतो, बीएस्सी आयटीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. बाबा म्हणतात प्रोग्रामिंग शिक, नोकरी लागेल. मामेभाऊ म्हणतो कोड आता एआय लिहितं, तू सायबर सिक्युरिटीत जा. ठाण्यातल्या एका क्लासने एथिकल हॅकिंगची फी सव्वा लाख सांगितलीये. कोडिंग बरं जमतं पण एका जागी तासन्‌तास बसायचा कंटाळा येतो. काय घेऊ? आणि ८ जीबीचा लॅपटॉप चालेल का?

उत्तर : सव्वा लाख अजिबात भरू नकोस, निदान डिग्री होईपर्यंत तरी नाहीच. हुडीवाला पोरगा आणि मागे हिरवी अक्षरं असा बॅनर लावला की बॅच भरते हे क्लासवाल्यांना बरोबर कळलंय.

आता असं बघ, सिक्युरिटी ही प्रोग्रामिंग टाळायची पळवाट नाहीये. साधं लॉगिनचं पान घे. युजरने टाइप केलेलं नाव कोडमध्ये जसंच्या तसं एसक्यूएल क्वेरीत (डेटाबेसला विचारायच्या प्रश्नात) चिकटवलेलं असतं, मग कोणीतरी नावाच्या जागी एक सिंगल कोट टाकतं, पुढे कायम खरी ठरेल अशी अट लिहितं, उरलेली क्वेरी कॉमेंट करून टाकतं, म्हणजे ती चालतच नाही, आणि पासवर्ड न देताच आत. क्लासमध्ये हे टूल चालवून पाच मिनिटांत दाखवतात, पोरं खूश. पण कंपनी पगार देते तो हे कुठल्या ओळीमुळे झालं आणि नीट कसं करायचं हे सांगण्याचा (क्वेरी वेगळी, युजरने दिलेले पॅरामीटर वेगळे, स्ट्रिंग जोडत बसायचं नाही), आणि ती ओळ वाचताच येत नसेल तर सांगणार काय? २०१४ चं हार्टब्लीड नावाचं भोक घे, ओपनएसएसएल या साइटची देवाणघेवाण गुप्त ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये समोरच्याने सांगितलेली लांबी खरी आहे का हे तपासायचं राहून गेलं, बास, सर्व्हरच्या मेमरीतला माल बाहेर.

उलटंही खरंय. २०१७ च्या जूनमध्ये नॉटपेट्या नावाच्या मालवेअरने आपल्या न्हावाशेव्याला एका टर्मिनलचं काम ठप्प केलं, ते मुळात पसरलं युक्रेनमधल्या एका अकाउंटिंग सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. म्हणजे प्रोग्रामर झालास तरी हा विषय काही सुटत नाही.

आणि कंटाळ्याचं म्हणशील तर सिक्युरिटीत पळापळ असते हे डोक्यातून काढ. मुंबईत बँका भरपूर, रिझर्व्ह बँकेने २०१६ मध्येच त्यांना सिक्युरिटी ऑपरेशन सेंटर (हल्ल्यांवर सतत नजर ठेवणारं केंद्र) उभारायला सांगितलं, २०२२ पासून सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेचा नियम आहे की सायबर घटना कळल्यापासून ६ तासांत रिपोर्ट करायची, म्हणजे रात्रभर कोणीतरी जागं पाहिजेच, आणि ते कोणीतरी बऱ्याचदा फ्रेशरच असतं. रात्री अडीचला अलर्ट येतो, एकाच युजरचं लॉगिन अंधेरीतून आणि वीस मिनिटांनी सिंगापूरहून. बहुतेक वेळा व्हीपीएनच निघतो (त्याने माणूस दुसऱ्या देशात असल्यासारखा दिसतो), तरी लॉग म्हणजे नोंदींची फाइल उघडायची, बघायचं, तिकिटात, म्हणजे त्या अलर्टच्या नोंदीत, धड इंग्रजीत लिहायचं, बंद करायचं, की पुढचा. बसून राहावं लागतंच रे, फक्त शिफ्टमध्ये. घरी आईला नाइट शिफ्ट चालणारे का तेही आत्ताच विचारून ठेव.

मामेभावाचा एआयचा मुद्दा मला फारसा पटत नाही, कारण लॉग चाळायलाही एआय आलंय आणि एआयने लिहिलेल्या कोडमध्येही भोकं असतात, त्यामुळे त्या कारणाने निवड होत नाही.

माझं मत विचारशील तर डिग्रीभर प्रोग्रामिंगच धर. पायथॉन, एसक्यूएल, लिनक्स, आणि नेटवर्किंग नुसतं परीक्षेपुरतं नाही, ब्राउझरमध्ये पत्ता टाकल्यापासून पान दिसेपर्यंत काय काय होतं ते सांगता येईल इतकं. एक छोटी साइट लिही, लॉगिनवाली, आणि स्वतःच ती फोडून बघ. पोर्टस्विगरची वेब सिक्युरिटी अकॅडमी फुकट आहे, तिथले लॅब कर. साइट बांधताना वेळ कसा गेला कळलं नाही तर बाबा म्हणतात ते कर. फोडताना रात्र गेली असेल तर सिक्युरिटीकडे वळ, त्यातही कोड येणाऱ्या मुलाला ॲप्लिकेशन सिक्युरिटीत (साइट आणि ॲपच्या कोडमधली भोकं शोधण्याच्या कामात) जायला सोपं जातं. सर्टिफिकेट नंतर घे, शक्यतो कंपनीच्या पैशाने.

फक्त हात साफ करायला कॉलेजच्या रिझल्ट पोर्टलवर जाऊ नकोस. आयटी कायदा २०००, कलम ६६, तीन वर्षांपर्यंत कैद नाहीतर पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, आणि 'शिकत होतो' म्हणून कोणी सोडत नाही.

लॅपटॉप कोडिंगला पुरेल, पण व्हर्च्युअल मशिनवर (लॅपटॉपच्या आतच चालणाऱ्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर) काली लिनक्स ही हॅकिंगच्या टूल्सची सिस्टिम वगैरे चालवलीस की रडायला लागेल. मागे रिकामा स्लॉट आहे का बघ (काही मॉडेलमध्ये रॅम बोर्डालाच सोल्डर केलेली असते), असेल तर लॅमिंग्टन रोडला जाऊन १६ जीबी करून घे, दोन-तीन दुकानांत भाव विचारून आणि बिल घेऊन. नवा गेमिंग लॅपटॉप मागू नकोस बाबांकडे, तो ह्या कामाला लागत नाही.