'ऐकत नाही', 'ऐकू येत नाही' आणि 'लक्ष जात नाही'

प्रश्न असा आला आहे: पालकांसाठीच्या एका माहितीपत्रकाचं भाषांतर करताना 'स्वमग्न मुलांना आवाज येतात, पण ती ऐकत नाहीत' असं वाक्य तयार झालं. मूळ मजकुराचा रोख असा, की या मुलांचा मेंदू बोलण्यातले ध्वनी टिपतो, पण तिकडे वळत नाही. वाक्य खटकतंय, पण नेमकं कुठे? आणि आवाज, ध्वनी, स्वर, वर्ण, स्वनिम यांतला कुठला शब्द घ्यावा?

खटकतंय ते 'ऐकत नाहीत'. मराठीत हे क्रियापद कानाचं आहे तितकंच आज्ञेचंही. 'पोरगं ऐकत नाही' या वाक्यावर कुणी कानाचा डॉक्टर सुचवत नाही. पोरगं हट्टी आहे, एवढंच समजतात. पत्रक वाचणाऱ्या आईबापांनी हे टोमणे आधीच पुष्कळ ऐकलेले असतात. त्यात छापील भर कशाला?

'ऐकू येत नाही' म्हणावं तर तेही चूक, कारण मग दोष कानावर जातो. 'कानाडोळा करतात' तर मुळीच नको. त्यात जाणूनबुजून केल्याचा आरोप आहे.

आता क्रियापदांची ठेवण बघा. 'मला ऐकू येतं' यात मी काही करत नाही, ध्वनी आपणहून माझ्यापर्यंत पोचतो. 'मी ऐकतो' यात करणारा मी. हीच जोडी 'लक्ष'बाबतही आहे: लक्ष जातं ते आपोआप, लक्ष देतो ते ठरवून. दार आपटलं की लक्ष जातं, आणि व्याख्यान रटाळ असलं तरी आपण लक्ष देतो (निदान तसा चेहरा तरी करतो). म्हणजे ऐकू येणं, लक्ष जाणं, लक्ष देणं, ऐकणं अशा चार वेगळ्या गोष्टी आपल्याकडे आयत्या आहेत. मूळ मजकुरामागचं संशोधन ज्या फरकाबद्दल बोलतंय तो पहिल्या तिघींमधला आहे, आणि भाषांतरात नेमकी चौथी आली आहे.

संशोधनात काय केलं होतं ते थोडक्यात सांगतो. 2003 साली चेपोनिएने या संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बौद्धिक क्षमता चांगली असलेल्या काही स्वमग्न मुलांच्या मेंदूतल्या विद्युतलहरी नोंदवल्या. एकच ध्वनी पुन्हापुन्हा ऐकवायचा आणि मध्येच एखादा वेगळा घुसवायचा, अशी ही पद्धत. वेगळेपण एवढंच, की वारंवारता, म्हणजे ध्वनीची उंची किंवा पट्टी, 10 टक्क्यांनी बदललेली. ध्वनी तीन प्रकारचे: साधा एकसुरी नाद, अनेक वारंवारता मिसळलेला नाद, आणि माणसाच्या उच्चारातल्यासारखा स्वर. बदल झाला की मेंदूत आधी एक लहर उमटते, 'फरक कळला' अशी. रिस्टो नॅटॅनेन या फिनिश संशोधकाने आपल्या सहकाऱ्यांबरोबर 1978 मध्ये तिचं वर्णन केलं होतं. तिच्यामागून दुसरी येते ती 'लक्ष तिकडे गेलं' याची खूण. या मुलांमध्ये पहिली लहर तिन्ही प्रकारांत व्यवस्थित होती. दुसरी दोन्ही नादांना उमटली, स्वराला मात्र अजिबात नाही. म्हणजे फरक कळला, पण लक्ष गेलं नाही, आणि तेही फक्त बोलण्यासारख्या ध्वनीकडे.

'दिलं नाही' आणि 'गेलं नाही' हा शब्दच्छल नव्हे, हे 2008 सालच्या एका प्रयोगावरून कळतं. व्हाइटहाउस आणि बिशप यांनी 15 स्वमग्न आणि 15 इतर मुलं घेतली. लक्ष द्यायची सक्ती नसताना पुन्हापुन्हा येणाऱ्या स्वराला स्वमग्न मुलांच्या मेंदूचा प्रतिसाद क्षीण होता, नादाला नव्हता. मग ध्वनींकडे लक्ष द्यायचं काम दिलं, आणि दोन्ही गटांतला हा फरक नाहीसा झाला. जात नाही, पण देता येतं! मराठीत हे अख्खं निरीक्षण दोन क्रियापदांत मावतं.

म्हणून माझं वाक्य असं: 'काही स्वमग्न मुलांना बोलणं ऐकू येतं, त्यातला फरकही कळतो, पण त्यांचं लक्ष आपोआप तिकडे जात नाही.' यातलं 'काही' गाळू नका. सगळ्यांची गोष्ट एकच नाही. 2010 मध्ये फिलाडेल्फियातल्या संशोधकांच्या एका गटाला स्वमग्न मुलांच्या मेंदूचा साध्या नादालाही मिळणारा प्रतिसाद सरासरी 11 मिलिसेकंदांनी उशिरा आलेला आढळला होता. तिथे प्रश्न लक्ष जाण्याच्या आधीच सुरू होतो.

आता नामांकडे. 'आवाज' इथे निरुपयोगी आहे, कारण आपण माणसाच्या गळ्यालाही आवाज म्हणतो आणि पंख्याच्या घरघरीलाही. वरचा सगळा मुद्दा या दोघांतल्या फरकावर उभा आहे. 'स्वर' तर याहून फसवा: अ, आ, इ हेही स्वर आणि सा, रे, ग हेही स्वर. ज्या प्रयोगात यांचीच तुलना आहे तिथे दोघांना एक शब्द वापरला तर वाक्याचा चिखल होईल. उच्चारातल्याला 'स्वर' आणि दुसऱ्याला 'नाद' म्हणावं.

'वर्ण' म्हटलं की वाचकाच्या डोळ्यांपुढे लिपी येते, आणि लिपी उच्चार झाकते. 'जरा थांब' मधला ज आणि 'जरा-मरण' मधला ज लिहायला एकच, बोलायला दोन. 'स्वनिम' हा नेमका भाषाशास्त्रीय शब्द, पण तो भाषेत अर्थ बदलणाऱ्या ध्वनीसाठी. 'वेल' आणि 'वेळ' यांतले ल आणि ळ हे स्वनिम. 2003 च्या प्रयोगात बदलली ती फक्त उंची, स्वर तोच राहिला, म्हणून तिथे स्वनिम म्हणणं चूकच ठरेल. एकूण प्रकाराला 'भाषिक ध्वनी' चालेल. पालकांच्या पत्रकात मात्र मी सरळ 'बोलणं' लिहीन.

'स्वमग्न'बद्दल विचारलेलं नाही, तरी एक सांगतो. स्विस मनोविकारतज्ज्ञ ब्लॉयलर यांनी 1911 च्या सुमारास ग्रीक 'ऑटोस', म्हणजे 'स्वतः', यावरून ऑटिझम शब्द घडवला, आणि आपण 'स्व' तिथूनच उचलला. 'मग्न' ही आपली भर. त्यात स्वतःत रमल्याची छटा आहे, जी सगळ्यांना लागू पडत नाही. शब्द रुळलेला आहे, म्हणून मी वापरतो. पण ज्या घरात 'ऑटिस्टिक' म्हणतात तिथे तेच म्हणावं.