लाव्हारसातला ‘रस’

प्रश्न असा आहे : लाव्हा म्हणजेच वितळलेला दगड, मग ‘लाव्हारस’ ही द्विरुक्ती नाही का? उदाहरण दिलंय, ‘पाँपेई (इटलीतलं प्राचीन रोमन शहर) लाव्हारसात बुडालं’.

आधी उदाहरणच घेतो, कारण हे वाक्य ऐकून कान किटलेत. इ. स. ७९ च्या उद्रेकात व्हेसुव्हियस ज्वालामुखीचा लाव्हा पाँपेईत आलाच नाही! आधी टाचा घासायच्या वजरीसारखे हलके, सच्छिद्र दगड आभाळातून तासन् तास पडले. जवळपास ३ मीटरचा थर साचला, घरांची छपरं बसली. दुसऱ्या दिवशी तापलेल्या राखेचे आणि वायूचे लोट आले, त्यांत उरलेले मेले. लाव्हा असता तर घट्ट झालेल्या राखेत कुजून गेलेल्या देहांच्या पोकळ्या राहिल्या नसत्या, आणि १८६३ मध्ये तिथलं उत्खनन करणाऱ्या फियोरेल्लींना त्यांत प्लॅस्टर ओतून त्या माणसांचे साचे काढता आले नसते. ‘राखेखाली गाडलं गेलं’ म्हणा.

आता ‘लाव्हा’ हा शब्द. तो पाँपेईजवळच्या नेपल्स शहराच्या बोलीतला, आणि मूळ अर्थ आगीचा नाहीच, पाण्याचा आहे. पावसात उताराच्या रस्त्यातून लोंढा धावतो, तो ‘लावा’. तिथल्या व्हेर्जिनी वस्तीत कापोदिमोंतेच्या टेकडीवरून गाळाचं पाणी घुसायचं, त्याला लोक ‘लावा देई व्हेर्जिनी’ म्हणत. हेच नाव पुढे डोंगरावरून उतरणाऱ्या विस्तवाला लागलं. माझ्या मते मूळ लॅटिन ‘लावारे’, म्हणजे धुणे. आपली लाँड्रीही त्याच धातूची, म्हणजे लाव्हाची चुलत बहीण! काही इटालियन कोश ‘लाबेस’, म्हणजे पडझड, घसरण, हे मूळ देतात. मला ते साफ अमान्य आहे. पाण्याचा अर्थ समोर धडधडीत वाहतोय, तो सोडून दरडीकडे कशाला जायचं?

पाँपेईचे रस्तेच बघा. दोन्हीकडे उंच पदपथ, मध्ये ओलांडायला ठेवलेले मोठे दगड, त्यांच्यामधून गाड्यांच्या चाकोऱ्या, अजून बोट घालून बघाव्यात इतक्या खोल. पावसाचं आणि सांडपाणी रस्त्यातूनच वाहायचं, म्हणून ही सोय. आणि फरसबंदी कशाची? ज्वालामुखीच्याच थिजलेल्या दगडाची. शहरही वसवलेलं प्राचीन लाव्हाच्या उंचवट्यावर. तिथल्या बोलीतला ‘लावा’ धो धो वाहायचा तो लाव्हावरूनच!

त्या थिजलेल्या दगडालाही लाव्हाच म्हणतात. वाहता असेल तेव्हा लाव्हारस. द्विरुक्ती नाही, ‘रस’ राहू द्या.