अरुंद गाळ्यात कोणती फोर्कलिफ्ट?

प्रश्न (भिवंडी): भाड्याच्या गाळ्यात रॅकच्या दोन रांगांमध्ये 2.8 मीटर वाट आहे. वरचा बीम 6.5 मीटरवर. पॅलेट 1000 × 1200 मिमी, मालासकट 900 किलो. 1200 ची बाजू रॅकच्या आत जाते. 3 टनी डिझेल फोर्कलिफ्ट वाटेत वळतच नाही. काय घ्यावं?

उत्तर: ती वळणारच नाही. मागे काउंटरवेट (तोल सांभाळणारं वजन) असलेल्या चारचाकी गाडीला काटकोनात वळून माल लावायला साडेतीन-चार मीटर लागतात, तीनचाकी बॅटरी गाडीलाही तीनच्या वर. तुमच्या कामाला रीच ट्रक हवा. त्याचा मास्ट (काटे वर-खाली नेणारा सांगाडा) मागे सरकतो आणि माल पुढच्या दोन पायांच्या वर आत येतो, त्यामुळे साधारण 2.7 ते 2.9 मीटरमध्ये तो वळतो.

पण वाट आधी पुन्हा मोजा, आणि खांबापासून नव्हे, लावलेल्या मालापासून. रॅकची फ्रेम 1000 मिमी खोल असेल तर 1200 चं पॅलेट दोन्हीकडे 100 मिमी बाहेर येतं; दोन्ही रांगा धरल्या तर हातात उरतात 2.6 मीटरच. इथेच बहुतेकांचा पैसा फसतो: गाडी येते, वळतेसुद्धा, पण रोज खांबांना घासते. कॅटलॉगमधला वाटेचा आकडा अनेकदा 800 × 1200 पॅलेटचा असतो, तो तुमच्या पॅलेटसाठी लेखी मागा. भिंतीकडे जागा असेल तर एक रांग 300 मिमी सरकवून अँकर नव्याने ठोकणं स्वस्त पडतं. पॅलेट आडवं, म्हणजे 1200 ची बाजू वाटेला समांतर, लावायचं, तर चारही बाजूंनी काटे जाणारं पॅलेट लागेल आणि एका बीमवर दोन मावायला साधारण 2.7 मीटरचे बीम.

वजनाचं म्हणाल तर रीच ट्रकवर लिहिलेला '1.6 टन' असा आकडा खालच्या उंचीचा. काटे बीमच्या 200 मिमी वर जायला हवेत, म्हणून 6.7 मीटरवर आणि 600 मिमी लोड सेंटरला (काट्यांच्या मुळापासून मालाच्या मध्यापर्यंतचं अंतर) गाडी किती उचलते ते विचारा. 1200 खोल मालाचं लोड सेंटर 500 नसतं.

रीच ट्रकची चाकं लहान, पॉलियुरेथेनची. खड्डे, ओलं आवार, उतार त्याला चालत नाही. लॉरी उतरवायला डिझेल गाडी बाहेर ठेवा आणि दारात माल एका गाडीवरून दुसरीवर घ्या. एकाच गाडीने दोन्ही करायचं असेल तर कमरेत वळणारी आर्टिक्युलेटेड गाडी सुमारे दोन मीटरमध्ये चालते. किंमत मात्र जास्त. दीड-पावणेदोन मीटरच्या वाटेत चालणाऱ्या व्हीएनए (अतिशय अरुंद वाटेसाठीच्या) गाडीला रूळ किंवा जमिनीतली तार आणि अतिशय सपाट फरशी लागते. भाड्याच्या गाळ्यात तो खर्च करू नका.

प्रश्न (नाशिक): वाट 2.4 मीटर, रॅक 3.5 मीटर, दिवसाला वीसेक पॅलेट. स्टॅकर (पॅलेट उचलून रॅकवर ठेवणारं लहान यंत्र) पुरेल?

उत्तर: पुरेल, चालत चालवायचा बॅटरी स्टॅकर घ्या. त्याआधी पॅलेट उलटं करून पाहा. खाली आडव्या फळ्या असतील तर साध्या स्टॅकरचे पाय आत जात नाहीत. स्ट्रॅडल स्टॅकर लागतो, आणि त्याचे पाय जायला जमिनीवरच्या पॅलेटच्या दोन्ही बाजूंना जागा सोडावी लागते.