'हेडर'ला शीर्षक म्हणावे का?

एका वाचकाचा प्रश्न आहे: "क्लाउडवरच्या ऑब्जेक्ट स्टोरेजची, म्हणजे फाइली 'वस्तू' म्हणून साठवणाऱ्या सेवेची, एपीआय (प्रोग्रॅमने त्या सेवेशी बोलण्याची ठरलेली पद्धत) नव्या मुलांना समजावी म्हणून मराठीत पुस्तिका लिहितो आहे. 'रिक्वेस्ट हेडर'साठी 'विनंती शीर्षक' असा शब्द योजला. एका मुलीने ते वाचले आणि तिथे फाइलचे नाव लिहायचे, असा अर्थ घेतला. माझा शब्द चुकला की समजावणे? आणि 'ऑथोरायझेशन हेडर'ला 'अधिकृतता शीर्षक' म्हटले तर चालेल का?"

शब्द चुकला. त्या मुलीने मराठी शब्द मराठी माणसाने वाचावा तसाच वाचला. शीर्षक म्हणजे नाव: कवितेचे, लेखाचे, प्रकरणाचे. 'मथळा' घेतला तरी तीच अडचण येते, शिवाय डोळ्यांसमोर वर्तमानपत्र उभे राहते. 'शीर्षलेख' हा शब्द टंकलेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये पानाच्या माथ्यावर दर वेळी छापल्या जाणाऱ्या ओळीसाठी रुळला आहे, तो तिथेच राहू द्यावा. या तिन्ही शब्दांनी हेडरची जागा तेवढी पाहिली, काम पाहिले नाही.

काम काय ते ॲमेझॉनच्या एस-थ्रीवर पाहू. ही सेवा २००६ पासून चालू आहे आणि इतर अनेक साठवण सेवांनी तिच्या एपीआयची पद्धत उचलली आहे. एखादे छायाचित्र तिथे ठेवायचे तर विनंतीच्या पहिल्या ओळीत 'पुट' हे क्रियापद आणि वस्तूचा मार्ग येतो. वस्तूचे नाव, म्हणजे तिची 'की', त्या मार्गातच असते. खऱ्या अर्थाने शीर्षक म्हणावे असे काही असेल तर ते हेच, आणि ते हेडरमध्ये नाही. त्यानंतर हेडरच्या ओळी एकाखाली एक येतात: 'होस्ट' कोणत्या दारी जायचे ते सांगते, 'कंटेंट-लेंग्थ' आत किती बाइट आहेत ते, 'कंटेंट-टाइप' माल कोणत्या जातीचा आहे ते, आणि 'ऑथोरायझेशन' कोण पाठवतो आहे ते. मग एक रिकामी ओळ, आणि तिच्याखाली प्रत्यक्ष छायाचित्र.

ही रचना पत्राची आहे, आणि हे मी उपमा म्हणून सांगत नाही. एस-थ्रीच्या विनंत्या एचटीटीपी या वेबच्या संदेशवहनाच्या नियमांनुसार जातात. १९९१ च्या पहिल्या एचटीटीपीमध्ये हेडर नव्हतेच. विनंती एका ओळीत संपायची. १९९६ मध्ये एचटीटीपी १.० चा दस्तऐवज आला, त्यात हेडरच्या ओळींचा साचा घेतला तो ई-मेलच्या १९८२ च्या आरएफसी ८२२ या प्रमाणदस्तऐवजामधून. कोणाकडून, कोणाला, कधी, कशाविषयी हे सांगणाऱ्या टपालाच्या ओळींचाच हा वंश. म्हणून मराठी शब्दही पत्रव्यवहारातच शोधायला हवा, आणि तिथे आपली भाषा गरीब नाही.

मला आधी 'मायना' आठवला आणि बराच वेळ सोडवेना. कारण जुन्या पत्रांत 'साष्टांग नमस्कार विनंती विशेष' आले की मायना संपला, आता मजकूर सुरू, हे वाचणाऱ्याला कळायचे. आजही काही जण 'सा.न.वि.वि.' लिहितात. एचटीटीपीत हेच काम रिकामी ओळ करते. तरीही मायना इथे बसत नाही. मायना माणूस पाहून बदलतो: वडिलांना तीर्थरूप, धाकट्याला चिरंजीव, सरदाराला अखंडित लक्ष्मी अलंकृत राजमान्य राजश्री. त्याचा जीव मानमरातबात आहे. हेडरच्या ओळींना मानाशी कर्तव्य नाही, त्या पोचवण्याच्या आणि हाताळण्याच्या सूचना आहेत.

मग उरतो 'सरनामा'. फारसी 'सर' म्हणजे डोके, 'नामा' म्हणजे लेख किंवा पत्र. पत्र कोणाचे, कोणाला, कुठे, हे सांगणारा वरचा मजकूर तो सरनामा. आता कोणी म्हणेल, सरनामा म्हटले की संविधानाचा सरनामा आठवतो. आठवू द्या. संविधानाच्या अधिकृत मराठी प्रतीत 'उद्देशिका' हा शब्द आहे, आणि सरनाम्याचा मूळ पत्रातला अर्थ परत वापरात आला तर मला आनंदच होईल. संपूर्ण हेडर-भागाला 'सरनामा' आणि त्यातल्या एकेका ओळीला 'सरनाम्यातली नोंद' म्हणावे. एक ओळ आणि सगळा भाग यांना वेगळी नावे असावीत, हे एचटीटीपीच्या प्रमाणदस्तऐवजालाही वाटते: २०२२ च्या आरएफसी ९११० मध्ये एकेका ओळीसाठी 'फील्ड' हा शब्द आहे.

पुस्तिकेत आणखी एक भेद जरूर करा, कारण तिथे मुले खरोखर अडकतात. सरनाम्यातल्या काही नोंदी विनंतीबरोबर संपतात: तारीख, ओळखीचा पुरावा. काही मात्र वस्तूला चिकटून राहतात. 'कंटेंट-टाइप' दिला नाही, तर एस-थ्री ती वस्तू नुसते बाइट म्हणून नोंदवते आणि पुढे ब्राउझर चित्र दाखवण्याऐवजी उतरवून घेतो. 'एक्स-एएमझेड-मेटा-' ने सुरू होणाऱ्या नोंदी तर आपल्या स्वतःच्या: छायाचित्र कोणी काढले, कुठल्या गावी, असे काहीही. त्यांना एकूण २ किलोबाइटची मर्यादा आहे, आणि एकदा वस्तू ठेवली की त्या जागच्या जागी बदलता येत नाहीत. वस्तूची नवी प्रत करून नव्या नोंदी द्याव्या लागतात. पहिल्या प्रकारच्या नोंदी पाकिटावरच्या, दुसऱ्या मालाला बांधलेल्या चिठ्ठीवरच्या. अशा चिठ्ठीला 'उपमाहिती' म्हणायला माझी हरकत नाही.

आता 'ऑथोरायझेशन'. इथे मूळ इंग्रजी नावच दिशाभूल करते, आणि 'अधिकृतता' हा शब्द ती चूक मराठीत आणतो. परवानगी आहे की नाही हे सर्व्हर ठरवतो. आपण पाठवतो तो आपल्या ओळखीचा पुरावा. मराठीत 'ओळखीचा पुरावा' असेच लिहा. त्यात तीन गोष्टी असतात: कोणाच्या नावाने, कोणत्या नोंदी धरून, आणि सिग्नेचर.

या सिग्नेचरला 'डिजिटल स्वाक्षरी' मात्र म्हणू नका. डिजिटल स्वाक्षरीत सही करणाऱ्याची किल्ली खासगी असते आणि पडताळणाऱ्याची वेगळी. इथे एचएमएसी पद्धत आहे: एकच गुपित दोन्ही बाजूंना ठाऊक, ते वाटेवर कधी पाठवायचे नाही, त्याच्या आधाराने विनंतीवरून ६४ अक्षरांची खूण काढायची. सर्व्हर तीच खूण स्वतः काढून ताडून पाहतो. यासाठी आपल्याकडे 'मोर्तब' आहे. शिवकालीन पत्रात माथ्यावर मुद्रा आणि मजकूर संपतो तिथे 'मर्यादेयं विराजते' हे मोर्तब, म्हणजे त्याखाली कोणी ओळ घुसडू नये. एस-थ्रीच्या मोर्तबाचा हेतू तोच. 'होस्ट' आणि 'एक्स-एएमझेड-' ने सुरू होणाऱ्या सगळ्या नोंदी त्याच्या आत घ्याव्याच लागतात. त्यातले एक अक्षर वाटेत बदलले तरी खूण जुळत नाही आणि ४०३, म्हणजे 'परवानगी नाही', असे उत्तर येते. तुमच्या संगणकाचे घड्याळ १५ मिनिटांहून जास्त मागेपुढे असले तरीही विनंती परत फिरते.

नोंदींची नावे भाषांतरित करू नका, सुधारूही नका. आधीच्या पानाचा पत्ता सांगणाऱ्या 'रेफरर' या नोंदीच्या इंग्रजी वर्णलेखनात एक 'आर' सुरुवातीपासून कमी पडला आणि तो १९९६ च्या दस्तऐवजातही तसाच छापला गेला. आज तो दुरुस्त करून पाठवला तर सर्व्हरच्या लेखी ती नोंद वेगळीच ठरते.

बोलताना 'हेडर' म्हणायला काहीच हरकत नाही. तो पुल्लिंगी चालवावा, नंबर आणि पेपरसारखा: तो हेडर, दोन हेडर. 'हेडर्स'चा 'स' मराठीला लागत नाही.

तुमचे वाक्य मी असे लिहीन: "वस्तू ठेवण्याच्या विनंतीत वस्तूचे नाव मार्गात द्या, मालाचा प्रकार आणि लांबी सरनाम्यात द्या, ओळखीच्या पुराव्यात मोर्तब जोडा, मग एक ओळ रिकामी सोडा आणि तिच्याखाली माल ठेवा."